पाचवर थांबते, नऊवर थांबते

हेंग किम लुआनला राग यायला कारण लागत नाही, असं सगळी बिल्डिंग म्हणायची. सगळी बिल्डिंग खोटं बोलायची. कारण होतं, आणि ते रोज सकाळी सहापासून घरघरत वर यायचं, पाचव्या मजल्यावर थांबायचं, दार उघडायचं, दार मिटायचं आणि लुआनच्या सातव्या मजल्याला ओलांडून सरळ नवव्यावर जायचं. स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडूनच लिफ्ट जायची. पेजेचं आधण ठेवता ठेवता तिला ती ऐकू यायची. "गेली मेली," ती म्हणायची आणि खारवलेल्या मुळ्यावर सुरी जरा जोरातच चालवायची.

बिल्डिंग बारा मजल्यांची. लिफ्ट खाली, पाचव्यावर आणि नवव्यावर थांबणार. मधल्यांनी उरलेले मजले चढावेत नाहीतर उतरावेत. एकोणऐंशी साली घराची किल्ली हातात आली तेव्हा कुणालाच याचं काही वाटलं नव्हतं. लुआन छत्तीस वर्षांची होती, एका शाळेच्या कँटीनमध्ये फिशबॉल नूडल्स विकायची, आणि दोन्ही हातांत पिशव्या घेऊन दोन मजले बोलत बोलत चढायची. डुकरं, कोंबड्या आणि गुडघाभर चिखल मागे टाकून नळाच्या पाण्याला आणि छताच्या पंख्याला आलेली माणसं ती. जिन्याची तक्रार कोण करणार?

मग वीस-एकवीस वर्षांनी तिचा नवरा, टेओ तेक सुआन, एके सकाळी दात घासता घासता खाली बसला तो उठलाच नाही. अर्धांगवायू. जीव वाचला, पण उजवी बाजू गेली आणि जीभ जड झाली. इस्पितळातून परत आणला तेव्हा ॲम्ब्युलन्सच्या दोन तरण्याताठ्या पोरांनी त्याला खुर्चीसकट पाचव्यावरून सातव्यावर चढवलं. दुसऱ्या वळणावर त्यातल्या एकाची कंबर धरली.

"आंटी, हे रोज कसं करणार तुम्ही?" कंबर चोळत त्यानं विचारलं.

"नाही करणार," लुआन म्हणाली.

तिनं खरं तेच सांगितलं होतं. पुढची आठ वर्षं तेक सुआन वर्षातून दोनदा, तपासणीपुरता खाली गेला. बाकीचे सगळे दिवस गॅलरीत, चाकाच्या खुर्चीत. गॅलरीच्या कठड्यातून रस्त्यापलीकडचं आ-बुईचं कॉफीचं दुकान दिसायचं. म्हणजे दुकानाचं छप्पर दिसायचं. त्या छपराखाली तो वीस वर्षं रोज संध्याकाळी बसलेला होता: तो, लंबू सेंग, टॅक्सीवाला पेरुमाळ आणि गल्ल्यावरून मधेमधे तोंड घालणारा स्वतः आ-बुई. आता छप्पर बघायचं.

लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबवता येत होती, हे मात्र लक्षात घ्या. त्या बेटाएवढ्या देशात इतर ठिकाणी थांबायलाही लागली होती. सरकारनं त्याबाबत लपवाछपवी केली नाही, तेवढं श्रेय त्यांना द्यायला हवं. जिथून आमचा माणूस निवडून येईल तिथल्या बिल्डिंगा आधी, बाकीच्यांनी रांगेत मागे उभं राहावं, असं त्यांनी भर सभेत, हसतमुखानं सांगितलं होतं. आणि लुआनचा मतदारसंघ गेली सतरा वर्षं विरोधी पक्षाच्या एका म्हाताऱ्या, चिवट माणसाला निवडून देत आला होता. लुआननं दर वेळी त्यालाच मत दिलं होतं. तेक सुआननंही. त्याबद्दल दोघं घरात कधी बोलले नव्हते. बोलण्यासारखं काही उरलेलंच नव्हतं, आणि ते का, ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

त्रेसष्ट साली तेक सुआन बसमध्ये कंडक्टर होता. युनियनमध्ये होता. युनियनमध्ये तो काय करायचा, तर सुट्टीच्या दिवशी इतर कंडक्टरांना वाचायला शिकवायचा आणि संप झाला की संपकऱ्यांच्या चुलीवर भात शिजवायचा. फेब्रुवारीतल्या एका पहाटे पोलीस आले आणि त्याला बनियनवर घेऊन गेले. लुआन वीस वर्षांची होती आणि पाचवा महिना चालू होता. खटला नाही, वकील नाही, सुटकेची तारीख नाही. कटात होता म्हणाले, पण कट कोणता, तेही कुणी सांगितलं नाही. आठवड्यातून अर्धा तास तारेच्या जाळीपलीकडून नवरा बघायचा. पोरगी झाली, हुई लेंग. ती रांगायला लागली, चालायला लागली, जाळीला बोटं अडकवून उभी राहायला लागली.

एक अधिकारी घरी यायचा. सभ्य माणूस. येताना बिस्किटांचा डबा आणायचा. "बघ पोरी," तो म्हणायचा, "तुझ्या नवऱ्याला आम्ही कोंडलेलं नाही. तोच स्वतःला कोंडून बसलाय. एक कागद आहे. सही करायची, टीव्हीवर वाचायचा, घरी यायचं. तू सांगितलंस तर ऐकेल."

लुआननं त्याला दोनदा हाकलून दिलं. बिस्किटं ठेवून घेतली, पोर खात होतं म्हणून. तिसऱ्या वर्षी एका भेटीत हुई लेंगनं जाळीपलीकडच्या माणसाकडे बोट केलं आणि आईला विचारलं, "हे अंकल घरी का जात नाहीत?" तेक सुआन हसला. लुआनच्या मात्र डोक्यात काहीतरी तुटलं.

"सही कर," ती म्हणाली.

"तुला माहितेय त्यात काय लिहिलंय?"

"नाही माहीत. मला वाचता येतं कुठं? तू जगाला शिकवलंस, मला शिकवायचं राहून गेलं. सही कर, नाहीतर मी ह्या जाळीशी पुन्हा येणार नाही, आणि हिलाही आणणार नाही."

त्यानं सही केली.

तेव्हा घरोघरी टीव्ही कुठले? वस्तीच्या सभागृहात एक असायचा आणि संध्याकाळी बाकं मांडून सगळं गाव समोर बसायचं. लुआन पोरीला मांडीवर घेऊन दुसऱ्या बाकावर बसली होती. आधी बातम्या झाल्या. मग पडद्यावर तेक सुआन आला. केस नीट कापलेले, अंगात कुणाचा तरी मोठा शर्ट. मान खाली घालून तो चार मिनिटं वाचत होता. आपली दिशाभूल झाली होती. आपण देशद्रोही लोकांच्या हातातलं बाहुलं होतो. अटकेत आपल्याला अतिशय चांगली वागणूक मिळाली, त्याबद्दल आपण सरकारचे आभारी आहोत. बसमध्ये तिकिटं फाडणाऱ्या, चुलीवर भात शिजवणाऱ्या माणसाला देशद्रोह करायला सवड कधी मिळाली, हे एकानंही विचारलं नाही. पुढच्या बाकावरचा एक म्हातारा उठला, खिडकीतून बाहेर थुंकला आणि पुन्हा येऊन बसला, कारण पुढे कुस्ती होती. तेक सुआनबरोबर पकडलेल्या दोघांच्या बायका मागच्या बाकावर होत्या. त्यांच्या नवऱ्यांनी सही केली नव्हती. ते पुढे आणखी कितीतरी वर्षं आत राहिले. त्या दोघी लुआनशी परत कधी बोलल्या नाहीत. लुआननंही त्यांना दोष दिला नाही. तिनं दोष द्यायला दुसरी माणसं निवडली होती, आणि त्यातली पहिली ती स्वतः होती.

तेक सुआन घरी आला. लाकडाच्या वखारीत लागला. त्यानं बायकोला एका शब्दानंही टोचलं नाही. एकदा टोचलं असतं तर बरं झालं असतं, असं तिला पुढची चाळीस वर्षं वाटत राहिलं. तो नुसता 'हो' म्हणायला लागला. घर घ्यायचं? हो. पोरीला इंग्रजी शाळेत घालायचं? हो. सातवा मजला चालेल? हो. फक्त दर पाच वर्षांनी एकदा, मतदानाच्या खोक्यामागे, तो काय म्हणत होता ते लुआनला सांगायची गरज नव्हती.

तर अशा माणसाला सातव्या मजल्यावर बसवून ठेवलेलं होतं.

आजारपणानंतर वर्षभरात निवडणूक आली. प्रचाराच्या दिवसांत बिल्डिंगमध्ये दोन तट पडले, आणि ते पक्षावरून पडले नव्हते, मजल्यांवरून पडले होते. शेजारची काक रोहाया, म्हणजे रोहायाताई, लुआनपेक्षा चार वर्षांनी मोठी. गुडघे गेलेले, आणि जीभ मात्र शाबूत.

"मी लिफ्टला मत देणार," रोहाया म्हणाली. "माणसाला बिणसाला नाही. मतपत्रिकेवर लिफ्टचं चित्र असतं ना, तर दोन फुल्या मारल्या असत्या."

"एकच मारायची असते, काक."

"एक माझी, एक माझ्या गुडघ्याची. आणि तू जपून राहा. मतपत्रिकेवर नंबर असतो. त्यांना सगळं कळतं म्हणतात."

"कळू दे. माझी फाईल त्रेसष्टपासून आहे त्यांच्याकडे. त्यात एक पान वाढेल."

पाचव्या मजल्यावर यिप मास्तर राहायचे, निवृत्त शिक्षक. ते लिफ्टमधून उतरले की जिन्याशी उभ्या असलेल्या बायांना समजावून सांगायचे. "आंटी, हा तत्त्वाचा प्रश्न आहे. सुधारणांचं गाजर दाखवून मत मागणं म्हणजे लाच. आपण ताठ राहिलं पाहिजे."

लुआनच्या हातात पाच किलो तांदूळ होता. तिनं तो खाली ठेवला.

"मास्तर, तुमच्या दारात लिफ्ट थांबते. त्यामुळे तुमची तत्त्वंही दारातच थांबतात. आमची तत्त्वं आम्हाला दोन मजले डोक्यावर घेऊन चढावी लागतात. हा तांदूळ घ्या, चला सातव्यापर्यंत, आणि मग तिथं उभं राहून ताठपणाचं सांगा."

मास्तरांनी तांदूळ उचलला, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. सहाव्यावर त्यांना धाप लागली आणि उरलेला ताठपणा सांगायचा राहून गेला.

लुआननं त्या वेळी पुन्हा त्या म्हाताऱ्या खासदारालाच मत दिलं. तो जेमतेम निवडून आला. बिल्डिंगच्या खालच्या मोकळ्या जागेत प्लॅस्टिकचं टेबल टाकून तो आठवड्यातून एकदा लोकांची गाऱ्हाणी ऐकायला बसायचा, कारण त्याला कार्यालय म्हणून कुणी खोली द्यायला तयार नव्हतं. लुआन रांगेत बसली. तिचा नंबर आल्यावर त्यानं पत्र लिहून दिलं. पुढच्या महिन्यात आणखी एक लिहिलं. पाच वर्षांत तिनं अशी अकरा पत्रं लिहवून घेतली. उत्तर दर वेळी एकच यायचं: आपल्या विनंतीची नोंद घेण्यात आली आहे.

"आंटी, मला लाज वाटते," अकराव्या पत्राला तो म्हणाला. "तुम्ही मला मत देता आणि शिक्षा भोगता."

"तुम्ही लाजू नका. ज्यांनी लाजायला हवं ती माणसं दुसरीकडे बसतात, पण त्यांना ते येत नाही," लुआन म्हणाली आणि पाकीट घेऊन वर आली.

वर गॅलरीत तेक सुआन कठड्याला कान लावून बसलेला असायचा. समोरच्या बिल्डिंगच्या खाली कुणाचा अंत्यविधी असला की मांडव पडायचा, झांजा वाजायच्या.

"को... कोणाचं?" तो विचारायचा.

"बारा नंबरातली एक म्हातारी. तुला नाही माहीत."

ती बारा नंबरातली म्हातारी नव्हती. पहिल्या खेपेला तो लंबू सेंग होता. सुरुवातीला लंबू दर रविवारी जिना चढून यायचा; मग महिन्यातून एकदा; मग त्याचं हृदय थकलं. लुआननं तेक सुआनला सांगितलं की लंबूचे गुडघे दुखतात. वर्षभरानं आ-बुई गेला, तेव्हाही झांजा वाजल्या. लुआननं आणखी एक म्हातारी मारली. खाली जाऊन शेवटचा नमस्कार करता येणार नसेल तर माणसाला सांगायचं कशाला, असा तिचा हिशेब. सांगितलं असतं तर त्यानं कठड्यातून छत्रीएवढा मांडव बघितला असता आणि तेवढंच. हा हिशेबही तिनं एकटीनंच केला होता.

पुढची निवडणूक जवळ आली तेव्हा तेक सुआन ओळखू येत नव्हता. पाठीला जखमा झाल्या होत्या. दिवसचे दिवस तो बोलत नसे. हुई लेंग नवऱ्याबरोबर दुसऱ्या टोकाला राहायची. ती यायची, वडिलांचे पाय चेपायची, आणि जाता जाता आईला दाराशी म्हणायची, "आई, एकदा दे ना त्यांना मत. एकदाच. तुझ्या एका मतानं क्रांती थांबत नाहीये."

"तू तोंड सांभाळ. तुझ्यासाठी एकदा दिलंय मी त्यांना जे द्यायचं ते."

"काय दिलंस?"

लुआननं तिला जिन्याकडे पिटाळलं. पण रात्री भांडी घासताना तिनं ठरवून टाकलं. देऊ मत. लिफ्टला देऊ, रोहायासारखं. चाळीस वर्षांपूर्वी तिनं नवऱ्याची सही दिली होती, आता स्वतःची फुली द्यायची. निदान या वेळी किंमत तिच्या खिशातून जाणार होती. तिला स्वतःचा इतका संताप आला की एका कपाचा कान तुटला. पण ठरलं ते ठरलं. तिनं तेक सुआनला सांगितलं नाही.

आणि मग गंमत बघा. निवडणुकीच्या जेमतेम दोन महिने आधी सरकारनं नकाशा काढला आणि मतदारसंघांच्या रेघा नव्यानं ओढल्या. लुआनचा मतदारसंघ नकाशावरून नाहीसा झाला. त्यांची बिल्डिंग पलीकडच्या भल्याथोरल्या मतदारसंघाला जोडली गेली, जिथं एकट्यानं उभं राहता येत नाही, सहा जणांचा गट लागतो, त्यात सगळ्या जातीजमातींचं गणित जुळवावं लागतं. म्हाताऱ्या खासदारानं धावपळ केली. त्याला धरून पाचच माणसं झाली. अर्ज भरायच्या दिवशी लुआन रेडिओ लावून बसली होती. दुपारी बाराला यादी वाचली. त्यांचा मतदारसंघ: बिनविरोध. मतदान नाही.

"सुटलीस!" रोहाया दारातून ओरडली. "काही करायलाच नको. आता लिफ्ट आपोआप येईल!"

लुआन खुर्चीतून उठली आणि पुन्हा बसली. एवढी रात्र जागून, स्वतःला शिव्या घालून तिनं आपलं मत विकायला काढलं होतं, आणि गिऱ्हाईक दुकानाकडे न बघता पुढे निघून गेलं. मत द्यायची लाज एक असते. ते कुणाला नकोच आहे, ही लाज तिनं कधी ऐकलीही नव्हती. संध्याकाळी तिला राहवेना. तिनं तेक सुआनला सगळं सांगितलं, नकाशा, बिनविरोध, आणि शेवटी तेही.

"मी त्यांना मत देणार होते, म्हाताऱ्या. तुझ्यासाठी."

त्यानं मान छपराकडे वळवली.

"मला... वि... विचारलं नाहीस."

"विचारलं असतं तर काय म्हणाला असतास?"

त्यानं तोंड उघडलं. लुआन थांबली नाही. ती पेज ढवळायला आत गेली, कारण थांबली असती तर त्याचं उत्तर आलं असतं अशी तिला भीती वाटली.

दीड वर्षात लिफ्ट झाली. झाली म्हणजे किती झटकन झाली! इतकी वर्षं जे तांत्रिकदृष्ट्या अवघड होतं, खर्चिक होतं, विचाराधीन होतं, ते दीड वर्षात झालं. प्रत्येक मजल्यावर स्टीलचं चकचकीत दार, मजल्याचा आकडा सांगणारा गोड बायकी आवाज. उद्घाटन रविवारी, नवे खासदार फीत कापणार.

शनिवारी दुपारी एक तमिळ मिस्त्री लिफ्ट वरखाली करून बघत होता. सातव्यावर दार उघडलं आणि समोर लुआन, आणि तिच्यापुढे खुर्चीत तेक सुआन, स्वच्छ पायजम्यात.

"उद्यापासून, आंटी," मिस्त्री म्हणाला. "आज फक्त चाचणी आहे. साहेब ओरडतील मला."

"चाचणीच घे. हा एकसष्ट किलोचा आहे. त्याला खाली ने आणि बघ लिफ्ट पडते का."

मिस्त्रीनं खुर्चीकडे बघितलं, जिन्याकडे बघितलं. "किती दिवस झाले खुर्चीत?"

"आठ वर्षं."

तो बाजूला झाला आणि दार हातानं धरून उभा राहिला. लुआननं खुर्ची आत घेतली. आजवर तिच्या भिंतीपलीकडून जाणारी लिफ्ट तिला घेऊन निघाली. सहा, पाच, चार. तेक सुआनचा डावा हात खुर्चीच्या दांड्यावर घट्ट होता आणि तो हसत होता, अर्ध्या तोंडानं, म्हणून तोंड वाकडं दिसत होतं. लुआनलाही हसू आलं. फीत कापण्याच्या आदल्या दिवशी, कुणाचे आभार न मानता ते दोघं खाली आले होते.

रस्ता ओलांडून ती त्याला कॉफीच्या दुकानात घेऊन गेली. तिला वाटलं होतं, कॉफी पाजू, छपराखाली बसवू, तेवढ्यात तो खूश होईल. इतकी मोठी बाई, आणि हे तिच्या डोक्यात आलंच नाही की तो कॉफी प्यायला तिथं येत नव्हता. गल्ल्यावर आ-बुईचा पुतण्या होता. त्यानं दोन कप ठेवले.

"आ... आ-बुई?" तेक सुआननं विचारलं.

पुतण्याला वाटलं, म्हाताऱ्याची आठवण गेली. तो वाकून मोठ्यानं बोलला, "अंकल, काका जाऊन पाच वर्षं झाली. विसरलात का? लंबू अंकलच्या पाठोपाठच गेले."

तेक सुआननं मान सावकाश वळवली आणि पेरुमाळच्या खुर्चीकडे बघितलं. तिथं एक पोरगी मोबाइल बघत नूडल्स खात होती.

"पेरुमाळ अंकल गेल्या दिवाळीत," पुतण्या म्हणाला. एव्हाना त्याला कळलं होतं की आपण काहीतरी भलतंच बोलून बसलो. तो गल्ल्यामागे निघून गेला.

"तुला माहीत होतं," तेक सुआन म्हणाला. एवढे तीन शब्दही न अडखळता बोलायला त्याला जमायचं नाही, पण हे वाक्य सरळ आलं.

"होतं."

"झांजा..."

"पहिल्या लंबूच्या. दुसऱ्या आ-बुईच्या."

"म्हातारी नव्हती."

"नव्हती कुणी म्हातारी."

कॉफीवर साय धरली. लुआनला किंचाळावंसं वाटलं, त्याच्यावर नाही, पुतण्यावर नाही. आठ वर्षं! एका माणसाला त्याच्या तीन मित्रांपासून दोन जिन्यांच्या अंतरावर आठ वर्षं बसवून ठेवलं, ते मरेपर्यंत, आणि मग उद्या फीत कापायची. कुठल्या तोंडानं कापायची?

"वर ने," तेक सुआन म्हणाला. कपाला त्यानं हात लावला नाही.

रविवारी सकाळी दहाला खालून ढोल वाजायला लागले. सिंहाचं सोंग नाचत होतं. साडेदहाला दारावर रेमंड फुआ, रहिवासी समितीचा अध्यक्ष, पक्षाचा पांढरा टी-शर्ट इस्त्री करून. त्याच्या मागे कॅमेरावाला.

"लुआन आंटी! चला, चला. खासदार आलेत. सगळ्यात आधी अंकलनी लिफ्टमधून खाली यायचं, असं ठरलंय. आठ वर्षांत पहिल्यांदा! पेपरात फोटो येईल."

"त्याला बरं नाही वाटत कालपासून..."

"पाचच मिनिटं, आंटी. बोलायचं फक्त एक वाक्य. मी लिहून आणलंय, मोठ्या अक्षरांत." त्यानं कागद पुढे केला. "नाही वाचता आलं तर तुम्ही वाचा त्यांच्या वतीनं."

लुआनला आता वाचता येत होतं. हुई लेंगच्या पुस्तकांवरून ती शिकली होती. तिनं वाचलं: मी टेओ तेक सुआन, मला आणि माझ्या कुटुंबाला ही भेट दिल्याबद्दल सरकारचा मनापासून आभारी आहे.

तिला काय करायचं ते तिच्या हातांना पाठ होतं. वाद नको, उद्या पाठीच्या जखमांसाठी नर्स लागेल, परवा आणखी काही लागेल, याच माणसाच्या दारात जावं लागेल. पाच मिनिटं तर आहेत. "थांबा," ती म्हणाली, "शर्ट घालते त्याला," आणि कपाटाकडे वळली. निळा शर्ट हँगरवरून काढलाही.

"नाही."

आवाज आतल्या खोलीतून आला. मोठा, घोगरा, एका बाजूनं फाटलेला. लुआन शर्ट हातात धरून जागीच उभी राहिली. एक्केचाळीस वर्षांत हा शब्द तिनं या घरात त्याच्या तोंडून ऐकला नव्हता.

"काय म्हणाले अंकल?" रेमंडनं जाळीच्या दारातून मान पुढे केली. त्याला ऐकू गेलं होतं, पण तो सभ्य माणूस होता. "तब्येत बरी नाही का? तसं असेल तर तसं सांगतो मी खासदारांना. ते समजून घेतील."

लुआननं शर्ट परत हँगरला लावला. कपाट बंद केलं. दाराशी आली आणि जाळीतून कागद त्याच्या हातात दिला.

"तब्येत उत्तम आहे," ती म्हणाली. "तो नाही म्हणाला. खासदारांना तसंच सांगा, त्याच शब्दांत."